कम्पाउंड आणि स्कोप सोडून धनुष्य आणि ठासणीची बंदूक: आधी काय घ्यायचं आणि किती जवळून मारायचं

प्रश्न थोडक्यात असा होता. पेनसिल्व्हेनियात राहता, बरीच वर्षं कम्पाउंड बो, म्हणजे चाकांचं आधुनिक धनुष्य, आणि स्कोपवाल्या रायफलने हरणाची शिकार करताय, आता त्यात मजा उरली नाही. म्हणून सगळं विकून रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं साधं धनुष्य, आणि फ्लिंटलॉक, म्हणजे चकमकीची ठासणीची बंदूक, घ्यायचीय आणि याच सीझनला दोन्ही घेऊन जंगलात उतरायचंय. कम्पाउंड ७० पौंडांचा ओढताय तर रिकर्व्ह ६० चा चालेल का, आणि इनलाइन मझललोडर, म्हणजे आधुनिक धाटणीची ठासणीची बंदूक, घेतला तर काय बिघडलं, हेही विचारलंय.

दोन्ही एकदम करू नका, एवढंच आधी सांगतो. बहुतेक लोक आधी धनुष्य घेतात कारण ते दिसायला सोपं, ना बंदुकीची दारू ना धूर, आणि बंदुकीचं नंतर बघू म्हणतात. माझ्या मते क्रम उलटा पाहिजे. ठासणीची बंदूक हे शिस्तीचं काम आहे, डोकं शांत असलेला माणूस महिना-दीड महिन्यात नीट शिकतो. धनुष्य हे अंगाचं काम आहे, खांदे आणि पाठ तयार व्हायलाच काही महिने जातात, त्यात घाई केली की सवयी बिघडतात आणि मग त्या मोडायला दुप्पट वेळ. तेव्हा या वर्षी ऑक्टोबरात कम्पाउंडच वापरा, ख्रिसमसनंतर फ्लिंटलॉक घेऊन जा, आणि जानेवारीत धनुष्य सुरू करा पुढच्या सीझनसाठी. (इथे भारतातून वाचणारेही आहेत म्हणून, तिकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे, हे सगळं अमेरिकेतल्या परवाना आणि सीझनवाल्या शिकारीबद्दल चाललंय.)

इनलाइनचं लगेच उरकतो. १९८५ मध्ये टोनी नाइटने एमके-८५ काढली तिथून हा प्रकार फोफावला. आज त्यात २०९ प्रायमर, म्हणजे शॉटगनच्या काडतुसातली पेटवणारी टोपी, प्लास्टिकच्या सॅबोतली, म्हणजे आवरणातली, गोळी, वर स्कोप, दीडशे-दोनशे यार्डावर आरामात लागते. वाईट काही नाही, पण दारू पुढून भरायची एवढं सोडलं तर ती एकबारी रायफलच झाली, तुमचा कंटाळा तिने जाणार नाही. शिवाय पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरच्या बिनशिंगी हरणांच्या मझललोडर सीझनला ती चालते, ख्रिसमसनंतरच्या सीझनला चालत नाही, तिथे फक्त चकमक, कॅलिबर किमान .४४, आणि हा सीझन १९७४ पासून चालू आहे. प्रत्येक राज्याचं वेगळं असतं, कोलोरॅडोत मझललोडर सीझनला स्कोप नाही, सॅबो नाही, दारूच्या गोळ्या म्हणजे पेलेट नाहीत. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळीच बंद, तिथे शिकारीला जायचं तर गोळीपासूनच वेगळा विचार. नियम बदलतात, दर वर्षीचं पुस्तक वाचल्याशिवाय काही विकत घेऊ नका.

आता बंदूक. .५० कॅलिबर घ्या, साहित्य सगळीकडे मिळतं. गोल गोळी मारायची असेल तर नळीचा ट्विस्ट, म्हणजे आतल्या खाचांचा पीळ, सावकाश हवा, ६० इंचात एक फेरा किंवा त्याच्या आसपास. ४८ इंचाचा मधला मार्ग आहे, त्यातूनही गोल गोळी चांगली जाते, २८ चा मात्र सॅबोसाठी असतो. वापरलेली हॉकेन पद्धतीची बंदूक बरीच मिळते कारण थॉम्पसन सेंटर कंपनीने १९७० मध्ये ती काढल्यावर घराघरात गेली होती. जुनी घेताना गजाला घट्ट बसेल असा ओलसर पॅच, म्हणजे कापडाचा तुकडा, लावून नळीत हळू वरखाली करा. हाताला सगळीकडे सारखं घट्ट लागलं पाहिजे, मध्येच एका ठिकाणी सैल पडलं तर तिथे नळी आतून फुगलीय, गोळी पूर्ण खाली न बसवता कुणीतरी बार काढलाय, अशी बंदूक फुकट मिळाली तरी नको. आणि घोडा पाडून ठिणग्या बघा, अंधाऱ्या खोलीत रिकाम्या बंदुकीवर. पांढऱ्या-पिवळ्या ठिणग्यांचा झुबका पॅनमध्ये, म्हणजे खालच्या वाटीत, पडला तर फ्रिझन, म्हणजे चकमक आपटते ती पोलादी पट्टी, कडक आहे, दोन-तीन लालसर ठिपके पडले तर ते लॉक, म्हणजे घोडा आणि पॅनची यंत्रणा, जंगलात तुम्हाला रडवणार. पैसे कमी असतील तर लाकडावर कमी करा, लॉकवर नको.

दारू काळीच. पायरोडेक्स वगैरे पर्यायी दारूंना पेटायला जास्त उष्णता लागते, कॅपवाल्या, म्हणजे टोपी ठोकून पेटणाऱ्या, बंदुकीत त्या चालतात, चकमकीत रंजक, म्हणजे पॅनमधली पेटवायची चिमूटभर दारू, भुर्रकन जळून जाते आणि आतला बार तसाच राहतो. आणि रायफलची बिनधुराची दारू ठासणीच्या बंदुकीत कधीही, अगदी थोडीसुद्धा नाही, नळी फुटते आणि हात जातो. नळीत टू-एफ किंवा थ्री-एफ, पॅनमध्ये फोर-एफ (जितके एफ जास्त तितके दाणे बारीक). मापाने ६०-७० ग्रेनपासून सुरू करा, पाच-पाच वाढवत जा आणि बंदुकीच्या पुस्तकातल्या मर्यादेच्या आत थांबा. दारू वेळेवर घेऊन ठेवा, अमेरिकेतला काळी दारू बनवणारा कारखाना, लुइझियानातल्या मिंडेनचा, २०२१ मध्ये बंद पडला तेव्हा शेल्फ रिकामी झाली होती, पुढच्या वर्षी दुसऱ्यांनी तो घेतला म्हणून निभावलं.

भरण्याचा क्रम हातात बसला पाहिजे, बोलता बोलता भरायची नाही. आधी गज आत टाकून नळी रिकामी आहे ना ते बघायचं. मग दारू मापात ओतायची आणि मापातून नळीत, शिंगातून किंवा डब्यातून थेट नळीत कधीच नाही, कारण आधीच्या बाराचा एखादा निखारा आत धुमसत असेल तर पेट घेणार ती मापातली चिमूट असावी, हातातला अख्खा डबा नसावा. तोंडावर वंगण लावलेला कापडाचा तुकडा, पिलो टिकिंगचा, साधारण .०१५ इंच जाडीचा, त्यावर .४९० ची शिशाची गोळी, शॉर्ट स्टार्टरने आत ढकलायची आणि मग गज छोट्या छोट्या पकडीत धरून खाली न्यायचा. लांबून धरून जोर लावला की लाकडी गज मोडतो आणि त्याचं टोक मनगटात घुसतं. गोळी दारूवर टेकली की गजावर नळीच्या तोंडापाशी खूण करून ठेवा, एक रिकाम्या नळीची आणि एक भरलेल्या नळीची. ह्या दोन खुणा तुम्हाला सगळं सांगतात, दोनदा भरलीय का, गोळी अर्ध्यात अडकलीय का, दारू टाकायचीच राहिलीय का. रंजक अगदी शेवटी, जागेवर उभं राहिल्यावर, पॅन अर्धा भरेल एवढीच.

बार झाला की टार्गेट बघायला धावू नका, आधी समोर जमिनीवर पडलेला पॅच शोधा, नळीपासून थोड्याच अंतरावर पडलेला असतो. मधोमध काळा गोल, भोवती फुलासारख्या उलगडलेल्या कडा, कापड धड, म्हणजे बार जमलाय. मध्ये जळून भोक पडलं असेल तर वंगण कमी किंवा दारू जास्त किंवा कापड पातळ. कडेला कापल्यासारखं दिसत असेल तर नळीच्या तोंडाची धार कापतेय, ती हलकेच घासून मऊ करावी लागेल. टार्गेटवरचं भोक फक्त गोळी कुठे गेली ते दाखवतं, का गेली ते पॅच दाखवतो, नवीन माणसं हे बघतच नाहीत आणि महिनाभर साइट ठोकत बसतात.

आता मुद्द्याची गोष्ट, आणि ही धनुष्यालाही तशीच लागू आहे. जंगलात तुम्हाला पहिलाच बार मिळणार. दुसरा भरेपर्यंत हरीण दुसऱ्या टाउनशिपमध्ये. त्यामुळे रेंजवर बेंच लावून पाच बारांचा ग्रुप केवढा आला याला फार किंमत देऊ नका. स्वच्छ, थंड नळीतून, शिकारीच्या कपड्यात, उभं राहून मारलेली पहिली गोळी कुठे जाते तेवढंच मोजायचं. रेंजवर गेलात की पहिला बार असा काढा, त्याचा कागद वेगळा ठेवा, घरी भिंतीवर लावा. ह्या कागदांवरून तुमचं अंतर ठरेल. बहुतेकांचं ५० ते ७५ यार्ड येतं, १०० म्हणजे फार झालं. गोल गोळी हवेत झपाट्याने मंदावते, .४९० ची गोळी १७७ ग्रेनच्या आसपास असते, तोंडातून सेकंदाला १८०० फुटांच्या वेगाने निघाली तरी शंभर यार्डापर्यंत निम्म्याच्या जवळ येते. जवळून मात्र ती हरणाला पुरून उरते.

फ्लिंटलॉकला रायफलवाले जिथे फसतात ते म्हणजे डोळ्यासमोरची आग. चाप ओढला की घोडा पडतो, रंजक पेटते, कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या छिद्रातून, आग आत जाते आणि मग बार. लॉक चांगलं असेल तर हे जवळजवळ एकच आवाज वाटतं, पण डोकं वर उचलायला तेवढी फट पुरते. उपाय कंटाळवाणा आहे. रिकाम्या नळीवर फक्त रंजक टाकून भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरायचा आणि भडका झाल्यावरही ठिपका साइटवर दिसतोय का ते बघायचं. डोळे मिटले तर पुन्हा. चष्मा हवाच, आणि शेजारी उजव्या बाजूला कुणाला उभं करू नका, कानातून आग बाजूला फेकली जाते. बार झालाच नाही तर नळी समोरच धरून मिनिटभर थांबायचं, कधी कधी तो उशिरा निघतो.

डिसेंबरात खरा शत्रू ओल. लॉकवर तेल किंवा मेण चोळलेल्या चामड्याची टोपी ठेवा, रंजक मधूनमधून फेकून नवीन टाका, पॅन कोरडा पुसून. आणि संध्याकाळी थंडीतून भरलेली बंदूक गरम घरात आणली की नळीला आतून घाम येतो, सकाळी नुसतं फुस्स. घरात आणायचीच असेल तर बार काढून, साफ करून आणा. साफसफाई त्याच दिवशी, उद्यावर टाकायची नाही, काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढते आणि एका रात्रीत गंज धरते. गरम पाणी, थोडा भांड्याचा साबण, पॅच पांढरा येईपर्यंत, मग कोरडी करून तेल, आणि शिकारीला निघताना ते तेल पुसून. लोखंडी तव्यासारखी नळी ‘सीझन’ होते, साबण लावू नका, असं जुने लोक सांगतात, आजच्या स्टीलला ते लागू नाही. आणि वंगण पेट्रोलियमचं नको, काळ्या दारूबरोबर त्याचं डांबर होतं, मेण आणि चरबी किंवा ऑलिव्ह तेल चालतं.

बार काढल्यावर पांढऱ्या धुरात काहीच दिसत नाही, खाली वाका किंवा एक पाऊल बाजूला जा, हरीण कुठे उभं होतं ते झाड मनात पक्कं करा, आणि जागचं हलायच्या आधी पुन्हा भरून घ्या.

धनुष्याकडे येऊ. कम्पाउंडमुळे काय लपलं होतं ते आधी बघा. होलेस विल्बर ॲलनने १९६६ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९६९ ला मिळालं, म्हणजे त्याआधी सगळे साध्या धनुष्यानेच मारत होते, फ्रेड बेअरसारख्यांनी तर अलास्कातली मोठी जनावरं रिकर्व्हने पाडली. कम्पाउंडचं गुपित लेट-ऑफ. तुमचा ७० पौंडांचा बो ८५ टक्के लेट-ऑफला पूर्ण ओढल्यावर हातात जेमतेम साडेदहा पौंड ठेवतो. ४५ पौंडांचा रिकर्व्ह पूर्ण ओढल्यावर ४५ च ठेवतो, आणि तोही तीन बोटांच्या टोकांवर. म्हणून ६० चा विचार सोडा. ओढता येईल हो, पण थरथर न होता धरता येणार नाही, मग नेम लागायच्या आधीच बोटं सुटतात, आणि ती सवय एकदा लागली की फार चिवट. पेनसिल्व्हेनियात कायद्याने किमान ३५ पौंड लागतं, व्हाइटटेल हरणाला ४५ भरपूर. आयएलएफ पद्धतीचा टेकडाउन, म्हणजे सुटे भाग होणारं धनुष्य, घ्या, त्यात लिंब, म्हणजे वाकणाऱ्या वरखालच्या पात्या, बदलता येतात, ३० किंवा ३५ च्या लिंबने सुरू करा, उन्हाळ्यात ४० ते ४५ वर जा. लिंबवर लिहिलेलं वजन २८ इंचांच्या ड्रॉचं, म्हणजे तेवढं ओढल्यावरचं, असतं, एका इंचाला दोन-तीन पौंडांचा फरक पडतो, आणि कम्पाउंडवरून येणाऱ्यांचा ड्रॉ इंच-दीड इंच कमीच होतो, तेव्हा लिहिलंय ४५ आणि हातात ४१ असं होतं. जुन्या बाजारातून पन्नास-साठ वर्षांचं सुंदर धनुष्य मिळालं तर त्याला डॅक्रॉनचीच दोरी लावा, आजची न ताणणारी दोरी जुन्या लिंबची टोकं चिरते. दोरी चढवायला स्ट्रिंगर वापरा, पाय अडकवून चढवली की लिंबला पीळ बसतो.

बाण लाकडाचेच पाहिजेत असा हट्ट पहिल्या वर्षी नको. पोर्ट ऑर्फर्ड सीडरच्या लाकडाचा वास मस्त असतो पण प्रत्येक बाण सरळ करत बसणं आणि स्पाइन, म्हणजे बाणाचा ताठपणा, जुळवणं हा वेगळा छंद आहे. कार्बन घ्या, वजन मात्र जड, धनुष्याच्या प्रत्येक पौंडाला नऊ-दहा ग्रेन, म्हणजे ४५ ला साधारण ४०५ ते ४५०. हलका बाण धनुष्याला खडखडवतो आणि जनावरात कमी जातो. पिसं खरी हवीत, प्लास्टिकची व्हेन धनुष्याच्या शेल्फवर, म्हणजे बाण टेकतो त्या जागी, आपटून बाण फेकते, पीस दबतं आणि निघून जातं. ट्यूनिंगसाठी पिसं न लावलेला एक बाण त्याच पिसांच्या बाणांसोबत मारा, १०-१५ यार्डावरून. उजव्या हाताच्या माणसाचा बिनपिसांचा बाण डावीकडे लागला तर बाण फार ताठ आहे, जड टोक लावा किंवा लांब ठेवा, उजवीकडे लागला तर उलटं. मात्र हे सगळं सोडण्याची क्रिया एकसारखी झाल्यावर, नाहीतर बाणाचा नाही, तुमच्या बोटांचाच दोष मोजत बसाल.

पहिले दोन महिने टार्गेट लांब ठेवू नका. दोन-तीन यार्डावर मोठी गोणी, नेम नाही, शक्य तर डोळे मिटून, फक्त पाठीने ओढणं, मधलं बोट ओठाच्या कोपऱ्याला टेकणं, आणि सोडल्यावरही हात तिथेच. नेम कसा धरायचा यावर लोक भांडतात, कुणी बाणाचं टोक आणि टार्गेट यातली फट मोजतं, कुणी नुसतं बघून मारतं. साइट वापरून आलेल्याने फटीनेच शिकावं असं मला वाटतं, निदान बाण का चुकला ते कळतं.

अंतराचं गणित बघा म्हणजे उत्साह जागेवर येईल. कम्पाउंडचा बाण सेकंदाला ३०० फूट वेगाने जातो, रिकर्व्हचा १७० च्या आसपास. २० यार्डाला नेम बसवला आणि हरीण खरं २५ ला निघालं तर कम्पाउंडचा बाण दोन-अडीच इंच खाली लागतो, रिकर्व्हचा सात-आठ. फुफ्फुसाची जागा म्हणाल तर नऊ इंचांच्या पेपर प्लेटएवढी. आणि २० यार्ड जायला रिकर्व्हच्या बाणाला सेकंदाचा तिसरा भाग लागतो, दोरीचा आवाज त्याच्या बराच आधी पोहोचतो, सावध हरीण तेवढ्यात खाली बसून उडी घेतं. म्हणून पहिलं वर्ष १५ यार्ड, बस. रोज सकाळी हात गरम न करता एकच बाण, पेपर प्लेटवर, अंतर लिहून ठेवा. दहात नऊ लागले ते तुमचं अंतर, दुपारी तिसाव्या बाणाला ३० यार्डावर काय केलंत ते धरायचं नाही.

टोक दोन पात्यांचं, लागताक्षणी कापणारं, आणि दाढीचे केस उतरतील इतकं धारदार. उघडणारी मेकॅनिकल टोकं उघडण्यातच जोर खातात, रिकर्व्हच्या बाणाच्या २८-२९ फूट-पौंड ऊर्जेत तेवढी उधळपट्टी परवडत नाही. हरीण आडवं किंवा तिरकं पाठमोरं असेल तरच मारा, समोरून तोंड केलेलं जाऊ द्या. झाडावर बसायचा स्टँड लावताना पायवाटेपासून बारा-पंधरा यार्डावर, वारा सांभाळून, आणि बसल्या जागी धनुष्य पूर्ण ओढून बघा, साठ-पासष्ट इंचांचं लाकूड फांदीला किंवा गुडघ्याला अडकतं हे तिथे कळलेलं बरं. खालच्या हरणावर नेम धरताना कमरेतून वाका, नुसता हात खाली केला की ड्रॉ कमी होतो. बाण फुफ्फुसातून गेल्याची खात्री असली तरी अर्धा तास थांबा, यकृतात लागल्याचा संशय असेल तर चार-सहा तास, पोटात गेला असेल तर आठ-बारा, घाईत उठवलेलं हरीण सापडत नाही.

बाणाच्या स्पाइनचा नेमका आकडा आत्ताच सांगता येणार नाही. रिकर्व्ह हातात आल्यावर कुणाकडून तरी तुमचा ड्रॉ मोजून घ्या, कम्पाउंडचा आकडा देऊ नका, आणि बो स्केलवर तेवढ्या ड्रॉला किती पौंड भरतात ते कळवा, मग शाफ्ट आणि टोकाचं वजन ठरवू.